ब्रेक झिजतो, हात सांभाळून घेतो
(विरार पूर्वेतील फुलपाडा येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

गेल्या वेळी व्याख्यान संपल्यावर एक तरुण आमच्याकडे आला. इथलाच, फुलपाड्यातला. म्हणाला, "सर, मी आणि माझा मित्र या सीझनला दोन जुन्या एटीव्ही घेतोय. बीचवर राइडसाठी. तुम्ही एवढं ज्ञान म्हणजे काय, प्रमाण म्हणजे काय ते सांगता. मग गाडीचा ब्रेक चांगला आहे हे मला खात्रीनं कसं कळेल, तेवढं सांगा."

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण घरी गेल्यावर लक्षात आलं की प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणून आजचं व्याख्यान त्याच प्रश्नावर. एटीव्ही म्हणजे ती फुगीर चाकांची चारचाकी. नागाव, काशीदच्या वाळूत पर्यटकांना बसवून फिरवतात, ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. इथे बसलेल्या बहुतेकांकडे एटीव्ही नाही, स्कूटर किंवा मोटरसायकल आहे. हरकत नाही. ब्रेकचं तत्त्व तेच, भागही बरेचसे तेच. जिथे फरक आहे तिथे आम्ही सांगू.

आधी आमचीच चूक सांगतो, म्हणजे हे शहाणपण कुठून आलं ते कळेल. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे पुढे डिस्क ब्रेक असलेली स्कूटर होती. एक दिवस हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीकडे लक्ष गेलं. तेल खालच्या रेघेपाशी आलं होतं. आम्ही बाटली आणली, डबी भरली आणि स्वतःवर खूश झालो. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तेच, पुन्हा भरली. मग पुढच्या चाकातून किरकिर आवाज यायला लागला. आम्ही म्हटलं, पावसाळा आहे, गंज असेल. एका रविवारी अर्नाळ्याहून परतताना, नातू मागे बसलेला, डोंगराच्या पायथ्याच्या उतारावर समोर एक लहान मुलगी रस्त्यात आली. लिव्हर पूर्ण दाबली. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज झाला, पण गाडी हवी तशी थांबेना. आम्ही हँडल वळवलं आणि भाजीच्या हातगाडीवर जाऊन आदळलो. मुलगी वाचली. नातवाच्या गुडघ्याला तीन टाके पडले. त्या दिवशी मेकॅनिकनं चाक उघडून पॅड हातात ठेवले. त्यांच्यावर घर्षणाचा थर उरलाच नव्हता, नुसती मागची लोखंडी पट्टी होती.

मेकॅनिक आम्हाला म्हणाला, "काका, तेल कमी झालं तेव्हाच ब्रेकनं तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही त्याचं तोंड बंद केलंत." आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, आणि तर्क आम्हाला त्या माणसानं शिकवला. त्याचं म्हणणं नीट समजून घ्यायला आधी ब्रेक काय करतो ते पाहू.

ब्रेक गाडीला धरून ठेवतो असं आपल्याला वाटतं. खरं तर तो गाडीच्या वेगाची उष्णता करतो. हिशेब साधा आहे. स्कूटर आणि दोन माणसं मिळून २४० किलो धरा, वेग ताशी ४० किलोमीटर. ही गाडी पूर्ण थांबवायची तर ब्रेकला साधारण १५ हजार ज्यूल ऊर्जा गिळावी लागते. एवढ्या उष्णतेनं कटिंग चहाच्या ग्लासभर, म्हणजे १०० मिलिलिटर पाण्याचं तापमान ३० अंशांवरून ६५ अंशांवर जाईल. वेग दुप्पट, म्हणजे ८० केला, तर ऊर्जा चौपट. हे सगळं काही सेकंदांत, हाताच्या पंज्यापेक्षा लहान पॅडवर. म्हणून पॅड झिजतो. झिजणं हा त्याचा दोष नाही, ते त्याचं कामच आहे. फक्त किती झिजला याचा हिशेब कुणीतरी ठेवायला हवा.

आता प्रकार दोन. पहिला ड्रम. चाकाच्या मध्यभागी डब्यासारखा ड्रम असतो, आत अर्धगोल आकाराचे दोन ब्रेक शू. लिव्हर किंवा पायडल दाबलं की केबल किंवा सळई ओढली जाते, आतला कॅम फिरतो, शू फाकतात आणि ड्रमला आतून घासतात. १९७२ साली आलेली बजाज चेतक आमच्या पिढीनं याच ब्रेकवर चालवली. दुसरा डिस्क. चाकाबरोबर फिरणारी पोलादी तबकडी, आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा कॅलिपर. त्या चिमटीतले दोन पॅड. इथे जोर केबलनं जात नाही, नळीतल्या द्रवातून जातो. बंद द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा नियम पास्कलचा. त्याचा तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली छापला गेला. आम्ही त्याला तत्त्वज्ञ म्हणून शिकवायचो. आज तुमच्या दोन बोटांच्या जोरावर अडीचशे किलो थांबतात, ते त्याच्या नियमावर.

एटीव्हीत थोडा फरक आहे. अनेक एटीव्हींची मागची दोन्ही चाकं एकाच अखंड आसावर असतात आणि त्या आसावर एकच डिस्क असते. म्हणजे तो एक ब्रेक गेला की मागची दोन्ही चाकं गेली. पुढे दोन चाकांना दोन वेगळे ब्रेक असतात, कुठे ड्रम, कुठे डिस्क. त्यातला एक जास्त धरत असेल तर ब्रेक लावताच गाडी त्या बाजूला ओढते. शिवाय गाडी उभी ठेवायला पार्किंग ब्रेक असतो, तोही तपासायचा. किनाऱ्यावर उतार असतो, आणि गाडीच्या खालच्या बाजूला मुलं खेळत असतात.

आता मुख्य प्रश्न. ब्रेक बरा आहे हे कसं कळणार? बहुतेक जण म्हणतील, रोज चालवतो ना, लगेच कळतं. नाही कळत. ब्रेक एका दिवसात जात नाही. रोज केसाएवढा झिजतो, आणि रोज आपला हात तेवढं जास्त दाबतो. पाय थोडा आधी पडतो, आपण थोडं लांबूनच वेग कमी करतो. हाताला सवय होते आणि मन म्हणतं, ब्रेक तसाच आहे. दुसऱ्या कुणाला गाडी दिली की तो पहिल्याच वळणाला ओरडतो, "अरे, ब्रेक कुठे आहेत?" त्याचा हात तुमच्यापेक्षा चांगला नाही, त्याला फक्त सवय नाही. म्हणून आमचं म्हणणं एवढंच: अनुभव मोजमापाची जागा घेऊ शकत नाही. डोळ्यानं पाहायचं आणि मोजायचं.

काय पाहायचं ते क्रमानं सांगतो.

पहिलं, पॅड. डिस्क ब्रेकमध्ये कॅलिपरच्या फटीत टॉर्च मारली की पॅडची जाडी दिसते. लोखंडी पट्टी सोडून जो घर्षणाचा थर आहे, तोच मोजायचा. बऱ्याच पॅडवर खाच असते. खाच पुसली गेली म्हणजे पॅड संपला. खाच नसेल तर गाडीच्या पुस्तिकेतली मर्यादा पाहायची. थर दीड मिलिमीटरपाशी आला की आम्ही तरी वाट पाहत नाही. दोन्ही बाजूंचे पॅड पाहायचे. एक जाड आणि एक पातळ असेल तर कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या अडकल्या आहेत किंवा पिस्टन अडकला आहे.

दुसरं, डिस्क. बोट लावण्याआधी ती गार झाली आहे ना, ते पाहा. खोल चरे, तडा, निळसर डाग हे सगळे बोलतात. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, त्याखाली गेली की बदलायची. चाक उचलून फिरवलं की ती डुलताना दिसते का, तेही बघा. एटीव्हीला खडक लागून डिस्क वाकते.

तिसरं, ड्रम. आतले शू बाहेरून दिसत नाहीत. पण ड्रमच्या मागच्या झाकणावर कॅमचा आडवा दांडा असतो, त्याच्याशी अनेक गाड्यांत एक बाण आणि खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेपाशी पोचला तर शू संपले.

चौथं, लिव्हर आणि पायडल. ड्रमच्या लिव्हरला ब्रेक लागण्याआधी थोडी मोकळी चाल लागते. अनेक स्कूटरना १० ते २० मिलिमीटर असते, तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत मिळेल. चाल अजिबात नसेल तर शू सतत घासतात आणि ड्रम तापतो. डिस्कची लिव्हर घट्ट दाबून अर्धा मिनिट धरा. ती हळूहळू आत जात राहिली तर कुठेतरी गळती आहे किंवा आतलं रबर गेलं आहे. स्पंजसारखी मऊ लागली तर नळीत हवा आहे.

पाचवं, नळ्या आणि केबल. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा, नळी ताणली जाते का. रबराला तडे, ओलसरपणा, केबलचे तुटलेले तंतू शोधा. केबल तुटते ती बहुधा लिव्हरजवळच्या टोकाशी.

सहावं, मोकळ्या सपाट जागेत ताशी १० ते १५ किलोमीटर वेगानं पुढचा ब्रेक वेगळा, मागचा वेगळा लावून पाहायचा. गाडी सरळ थांबते का, आवाज येतो का. मग चाक उचलून फिरवायचं. ब्रेक सोडल्यावर चाक मोकळं फिरायला हवं.

आता तेलाची गोष्ट. आपल्या न्यायशास्त्रात अनुमानाचं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. धूर हा हेतू, अग्नी हे साध्य. ब्रेकच्या डबीतलं तेल हा तसाच धूर आहे. पॅड झिजला की पिस्टन तेवढा पुढे येतो, त्याच्या मागची जागा भरायला डबीतलं तेल खाली जातं, आणि पातळी उतरते. म्हणजे चाक न उघडता, हँडलवरच्या त्या काचेतून तुम्हाला पॅडबद्दल कळतं.

पण थांबा. तेल आणखी एका कारणानं उतरतं, ते म्हणजे गळती. पॅड नवे कोरे असले तरी नळी गळत असेल तर पातळी उतरणारच. जो हेतू साध्य नसतानाही सापडतो, त्याला नैयायिक सव्यभिचारी म्हणतात. नुसत्या अशा हेतूवर निष्कर्ष काढायचा नसतो, दुसरी खूण शोधायची असते. म्हणून पातळी उतरली की दोन गोष्टी तपासायच्या: पॅड किती उरलेत, आणि कुठे ओल आहे का. दोन्हींचं उत्तर मिळेपर्यंत बाटली उघडायची नाही. आम्ही काय केलं? धूर दिसला आणि धूरच पुसून टाकला. आग आत जळतच राहिली.

ड्रमवाल्यांनीही खूश होऊ नये. तुमची बाटली म्हणजे मागच्या चाकाचा तो नट. ब्रेक सैल वाटला की दोन आटे आवळायचे, सगळं पहिल्यासारखं. दर वेळी आवळताना शू तेवढे पातळ झालेले असतात. किती आटे उरले ते पाहत चला. आटे संपत आले म्हणजे नट आणखी आवळायचा नसतो, शू बदलायचे असतात.

या द्रवाला आपण सगळे ब्रेक ऑइल म्हणतो. हे नाव फसवं आहे. ते तेल नाही. नेहमीचं डॉट ३ किंवा डॉट ४ हे ग्लायकॉल जातीचं रसायन आहे. घरात आहे म्हणून कुणी त्यात इंजिन ऑइल टाकलं तर आतली रबरं फुगतात आणि सगळा ब्रेक निकामी होतो. डबीच्या झाकणावर जो प्रकार लिहिला आहे, तोच घालायचा. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यांत मिसळायचं नाही.

आणि हे रसायन हवेतला दमटपणा शोषतं. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेल्या डॉट ४ साठी हीच मर्यादा १५५ अंश आहे. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून पॅड तापले की ते उकळतं. उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दबते, आणि लिव्हर सरळ हँडलला टेकते. म्हणून दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदलायचं. आपल्यासारख्या समुद्राजवळच्या गावात ही मुदत लांबवू नये. महिनोन् महिने उघडी पडलेली बाटली तर वापरूच नये. रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, रंग उतरतो.

आता वाळू, खारं पाणी आणि पाऊस. वाळूचे कण पॅडमध्ये रुतले की ते डिस्क खरवडतात. खारं पाणी सुकलं की मीठ उरतं, आणि कॅलिपरच्या पिना, कॅम, केबल सगळं गंजून अडकतं. म्हणून किनाऱ्यावरून आलेली गाडी त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यानं धुवायची, उद्यावर टाकायची नाही. मात्र तापलेल्या डिस्कवर थंड पाणी मारू नका, आधी गार होऊ द्या. धुतल्यावर हळू चालवत ब्रेक अलगद दाबून सुकवायचे. पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की हेच करायचं. ड्रममध्ये पाणी शिरलं असेल तर पहिले दोन-तीन ब्रेक लागतच नाहीत. ते तपासायची जागा गल्लीत आहे, उतारावर नाही.

ग्रीसबद्दल एक शब्द. कॅमच्या दांड्याला अगदी थोडं, कॅलिपरच्या पिनांना ब्रेकसाठीचं खास ग्रीस. पॅड, शू, डिस्क, ड्रम यांना तेलाचा बोटही लागता कामा नये. आवाज येतो म्हणून डिस्कवर तेल फवारणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. आवाज जातो, ब्रेकही जातो. तेल मुरलेले पॅड घासून भागत नाही, बदलावे लागतात. आणि ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टस असायचं, ती धूळ फुप्फुसाला घातक. ओल्या फडक्यानं पुसा.

मग घरी काय करायचं आणि गॅरेजला काय सोपवायचं? पाहणं, मोजणं, धुणं, ड्रमची मोकळी चाल जुळवणं हे घरी होतं. पॅड बदलणं, तेल बदलून हवा काढणं, कॅलिपर उघडणं हे ज्याला येतं त्यानंच करावं. हवा काढताना निपल बंद केल्यावरच लिव्हर सोडायची आणि डबी रिकामी होऊ द्यायची नाही, एवढं ज्याला माहीत नाही त्यानं पाना हातात घेऊ नये. पण गॅरेजमध्ये गाडी दिली तरी जुने पॅड परत मागा आणि हातात घेऊन पाहा. यात अविश्वास नाही. आपल्या गाडीबद्दल आपल्यालाही माहिती हवी, इतकंच.

कुणी म्हणेल, सरकार तपासतंच की. नीट पाहा. रिक्षा, टेम्पो यांना ठरावीक मुदतीनं फिटनेस तपासणी लागते. खासगी स्कूटरला नोंदणीनंतर पहिली १५ वर्षं तशी तपासणी नाही. मधे आपण पीयूसी काढतो, पण तिथे धूर तपासतात, ब्रेक नाही. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्यांना सीबीएस किंवा एबीएस सक्तीचं झालं, ही चांगली गोष्ट आहे. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही. पण झिजलेल्या पॅडवर ते नवा थर चढवत नाही. म्हणजे रोजच्या ब्रेकचा तपासनीस एकच, तो म्हणजे गाडीचा मालक.

या बाबतीत आम्हाला बोरघाटाची आठवण होते. १८६३ साली तो रेल्वेमार्ग खुला झाला. ३७ फुटांत एक फूट इतका उतार. उतरताना गाड्या ठरलेल्या ठिकाणी थांबवून ब्रेकची खात्री करून घ्यायची पद्धत तिथे वर्षानुवर्षं पाळली गेली, आणि एखादी गाडी सुटलीच तर तिला वळवून चढावर नेणाऱ्या बाजूच्या लाइनीही ठेवल्या. ड्रायव्हर अनुभवी नव्हते म्हणून हा नियम नव्हता. अनुभवी माणसालाच वाटतं की आज तपासलं नाही तरी चालेल, म्हणून तो नियम होता.

तेव्हा त्या तरुण मित्राला आमचं उत्तर असं. एक वही करा. दोन गाड्या, दोन पानं. रोज सकाळी पहिल्या राइडच्या आधी लिव्हर, पार्किंग ब्रेक, तेलाची पातळी, आणि हळू वेगातली चाचणी. दर आठवड्याला पॅडची जाडी मिलिमीटरमध्ये, तारखेसह. तेल कधी घातलं, नट किती आवळला, तेही लिहा, कारण त्यानंच खूण पुसली जाते. आणि आठवड्यातून एकदा गाडी मित्राला चालवायला द्या, त्याची तुम्ही चालवा. सवय नसलेला हात खरं बोलतो.

स्कूटरवाल्यांनी महिन्यातून एक रविवार ठरवावा. दहा मिनिटं, एक टॉर्च, एक पट्टी. आमच्या घरी आता हे काम नातू करतो. गुडघ्यावर वण आहे, त्यामुळे त्याला आठवण करून द्यावी लागत नाही. मागच्या महिन्यात तो म्हणाला, "आजोबा, तेल थोडं उतरलंय." आम्ही विचारलं, "मग भरू का?" तो टॉर्च घेऊन चाकापाशी बसला आणि म्हणाला, "थांबा, आधी पॅड बघू."

आता प्रश्न असतील तर विचारा. आणि ज्यांनी गाडी बाहेर उतारावर लावली आहे, त्यांनी जाताना एकदा लिव्हर दाबून पाहा.